परत आलेल्या पेट्या

१

जिन्यात दोन्ही बाजूंनी पेट्या रचल्या होत्या, त्यामुळे आत्याला अंग चोरून वर चढावं लागलं. गुडघे आधीच कुरकुरत होते. मधल्या वळणावर ती थांबली, चष्मा पुढेमागे करत एका पेटीवरचा पत्ता वाचला, मग दुसरीवरचा, आणि वर दारात उभ्या असलेल्या धाकट्या भाच्याला म्हणाली, "अरे, ही गल्ली तर कधीच पाडली. रस्ता झालाय तिथे."

"म्हणूनच तुला बोलावलं," धाकटा म्हणाला. "ये वर."

परवा सकाळी कुरियरवाल्याने टेम्पो भरून या पेट्या परत आणून टाकल्या होत्या. त्याआधी आठवडाभर त्या त्याच्या गोदामात पडून होत्या. जाताना तो चांगलाच करवादला होता. पत्त्यावर माणूस नसला तर एक वेळ समजून घेता येतं, पण घरच नाही म्हटल्यावर पेट्या काय रस्त्यातल्या दुभाजकाला द्यायच्या होत्या?

आता ही आत्या कोण, ते सांगायला हवं. दोन्ही भावांची सख्खी आत्या. तिची उभी हयात विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली. जळालेल्या दुकानाची राख चिवडून ती आत माल होता की नव्हता ते सांगायची, आणि दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. निवृत्त झाल्यावर तरी माणसांवर विश्वास ठेवायची सवय लागेल असं तिला वाटलं होतं. लागली नाही. अपवाद फक्त या दोघांचा. वहिनी गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, त्या नादात लग्न राहून गेलं, आणि जगात तिचं म्हणावं असं या दोघांपलीकडे कोणी उरलं नाही.

भावांची कंपनी फोनवरून शिवण शिकवायची. गिऱ्हाइकाने पेटी विकत घ्यायची. आत कात्री, टेप, खडू, कापडाचे तुकडे, कागदी नमुने आणि फोनवरचे धडे उघडायचा आकडा. दुकान नाही, जाहिरात नाही. सगळी विक्री घरोघरच्या बायकांच्या जिवावर. प्रत्येकीला कंपनीने तिची स्वतःची लिंक दिलेली.

"आजवर आपलं सिंगल लेव्हल होतं," धाकटा सांगू लागला. "बाईने आपली लिंक पाठवली, समोरच्याने तिच्यावरून पेटी घेतली, बाईला कमिशन. विषय संपला. मी म्हणतो, मल्टी-लेव्हल करू. बाई मैत्रिणीला नुसती पेटी विकणार नाही, तिला आपल्या हाताखाली जोडून घेईल. मग मैत्रीण जे विकेल त्यातलं थोडं हिला, मैत्रिणीची मैत्रीण विकेल त्यातलंही थोडं हिला."

"आणि सगळ्यात खालच्या बाईला?"

"तिनेही कोणालातरी जोडावं ना."

"आणि जोडायला बायका संपल्या की?"

"आत्या, तू दादासारखं बोलू नकोस."

दादा म्हणजे थोरला. त्याचा या नव्या पद्धतीला पहिल्यापासून विरोध. शेवटी दोघांनी तोडगा काढला होता: अर्ध्या बायकांना जुनी पद्धत, अर्ध्यांना नवी, आणि येत्या सोमवारी निकाल लावून एक पद्धत कायमची ठरवायची. परत आलेल्या सगळ्या पेट्या नव्या पद्धतीच्या बायकांनी विकलेल्या होत्या. गिऱ्हाइकं झाडून सारी बनावट. पैसे भेटकार्डांनी भरलेले. दुकानात रोख देऊन मिळतात ती कार्डं, म्हणजे माग काढायची सोय नाही.

"आणि चोर?" आत्याने विचारलं.

"सापडलाय. परवाच तिचं खातं बंद केलं, बायकांच्या ग्रुपवर जाहीरही केलं."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"बाई कबूल होत नाही. वर पोलिसांत जाईन म्हणते. तू फक्त तिनेच केलंय एवढं सिद्ध करून दे."

आत्याने चष्मा काढून पुसला. तिला आयुष्यभर असेच साहेब भेटले होते, निकाल आधी लावणारे आणि तपास मागून करवणारे. हा साहेब मात्र तिच्या हातचं खाऊन मोठा झालेला होता, म्हणून तिने जीभ आवरली.

२

मल्टी-लेव्हलसाठी धाकट्याने एक सल्लागार आणला होता. त्याला बसायला काचेची खोली दिलेली. बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. नवी पद्धत ठरली तर ती चालवायचं कंत्राट त्यालाच मिळणार होतं, आणि हे तो लपवतही नव्हता.

"बाई हुशार आहे, मानलं पाहिजे," तो म्हणाला. "सगळ्याजणी तिला कॅप्टन म्हणतात. पेट्यांवरची ती पाडलेली गल्ली आहे ना, तिथेच ती पूर्वी राहायची. नव्या पद्धतीतली सर्वांत मोठी साखळी तिची. बनावट पेट्या विकल्या गेल्या त्या तिच्या खालच्या बायकांच्या लिंकवरून, म्हणजे वरचं कमिशन कॅप्टनला. आता खरी मेख बघा, मॅडम. पेटी पोचली नाही की गिऱ्हाइकाला मेसेज जातो, बटण दाबा, पैसे परत. कमिशन मात्र दर शुक्रवारी बायकांच्या खात्यात जमा होतं, आणि ते परत घ्यायची सोय आपण अजून केलेली नाही. म्हणजे पेटीचे पैसे परत आणि कमिशन खिशात!"

"बटण कोणाकोणी दाबलं?"

सल्लागाराने पडद्यावर बोट फिरवलं. मग उलटं फिरवलं. "अजून तरी... कोणी नाही."

"मुदत कधी संपते?"

"काल संपली."

आत्याने मान हलवली आणि पडद्यावरच्या रंगांकडे बोट दाखवलं. "हे निळं-हिरवं काय आहे?"

"लिंका. निळी विक्रीची. तिच्यावरून नुसती पेटी घेता येते. ती सगळ्या बायकांकडे आहे. हिरवी जोडणीची, ती फक्त नव्या पद्धतीत. हिरवीवरून पेटी घेतली की बाई साखळीत येते. सोमवारचा निकाल हिरवीवरच लागणार. किती नव्या बायका जोडल्या गेल्या, तेवढंच मोजायचं असं मी आणि धाकट्या साहेबांनी ठरवलंय."

"आणि या बनावट पेट्या कोणत्या लिंकवरून?"

"निळ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या," सल्लागार म्हणाला. त्यात विचारण्यासारखं काय आहे, ते त्याला कळलं नसावं.

निघता निघता आत्याने त्याला आणखी एक गोष्ट काढून ठेवायला सांगितली: नव्या पद्धतीत जोडल्या गेलेल्या बायकांपैकी साखळीबाहेरच्या माणसाला पेटी कितीजणींनी विकली. "ते आम्ही मोजत नाही," तो म्हणाला. "आता मोजा," ती म्हणाली.

थोरला पॅकिंगच्या खोलीत होता. मालक असूनही प्रत्येक पेटीतली कात्री तो स्वतः कापडावर चालवून बघायचा आणि बोथट निघाली की बाजूला टाकायचा. लहानपणापासून असाच. आत्याचा जीव त्याच्यावर कणभर जास्तच होता, आणि ते तिने कोणाला कधी कळू दिलं नव्हतं.

"आत्या, जेवलीस का तू?"

"जेवले. मला सांग, कॅप्टनने केलं असेल हे?"

थोरल्याने कात्री मिटली. "तसली वाटत नाही ती."

"मग सांगितलंस का तसं भावाला?"

"तो ऐकतो का माझं?"

"तिला साऱ्या बायकांसमोर चोर ठरवलं, तेव्हा तू इथेच होतास."

"होतो." त्याने दुसरी कात्री उचलली. "तुला उगाच या वयात जिने चढायला लावले त्याने. मी नको म्हणत होतो."

"एकही बनावट पेटी हिरव्या लिंकवरून कशी नाही, हेच मला कळत नाही."

"हिरवी लिंक म्हणजे?"

आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"मी त्या बाजूला फिरकतच नाही," तो म्हणाला. "मला बघवत नाही ते. आपण शिवण शिकवायला निघालो होतो, माणसांच्या उतरंडी रचायला नाही. ग्रुपवर बायका विक्रीच्या लिंका टाकतात, तेवढ्या दिसतात. बाकी मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आत्या जिना उतरली आणि कॅप्टनचा पत्ता शोधायला निघाली.

३

"चोर बघायला आलात का?" दार उघडणाऱ्या बाईने विचारलं. आवाज असा की समोरच्या घरातलं माणूस दचकून उठावं. हीच कॅप्टन.

"विचारायला आले."

"दोन दिवसांत विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. या, बसा."

तिने खुर्चीवरचा गणवेशांचा ढीग उचलून पलंगावर टाकला. नवरा वारल्यापासून ती शाळेच्या गणवेशांवर घर चालवत होती. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी, आणि कोपऱ्यात एकात एक घातलेल्या कितीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या.

"या खुर्च्या कशाला?"

"माझ्या बायकांना. रोज दुपारी इथे येऊन शिकायच्या. परवापर्यंत या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची." कॅप्टन मशीनपाशी बसली, पण तिने पाय चालवला नाही. "कोणाचा नवरा घरी बसलेला, कोणाची सासू हातात दमडी टिकू देत नाही. मी एकेकीच्या दारात जाऊन सांगितलं, ये, शीक, चार पेट्या विक. आता प्रत्येकीला वाटतंय, हिने माझ्या लिंकवरून हात मारला. माझी सख्खी जाऊ मला बघून दार लावते. त्यांच्या कमिशनवाचून मी मरत नाही हो. पण मला या गल्लीत राहायचंय. म्हातारं व्हायचंय मला इथे."

ती रडली असती तर आत्याला परवडलं असतं. ही रडत नव्हती, त्यामुळे ऐकणं जड गेलं.

"पाडलेल्या गल्लीत तुम्ही राहत होतात म्हणे?"

"होते की! म्हणून तर माझ्या गळ्यात मारलं. ब-चौदा. लग्न होऊन आले तेव्हा दारावर घरनंबराचा नवा निळा बिल्ला होता. अर्ध्या गल्लीला अ, अर्ध्या गल्लीला ब. सासू मरेपर्यंत सगळ्यांना जुनाच आकडा सांगायची, आणि पोस्टमन तिच्यावर डाफरायचा."

"जुना आकडा कोणता होता?"

"मला काय माहीत? माझ्या आधीची गोष्ट ती. मी कशाला ध्यानात ठेवू?"

आत्या ताडकन उठली. गुडघ्यांची आठवणही तिला राहिली नाही. जिन्यातल्या ज्या दोन पेट्यांवरचे पत्ते तिने सकाळी वाचले होते, त्यांच्यावर अ नव्हता आणि बही नव्हता.

४

तिने जिन्यातल्या पेट्या एकेक करून उचलल्या आणि घराच्या आकड्यांप्रमाणे पायऱ्यांवर लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नाकं मुरडली. ती बाजूला सरली नाही. सगळ्यांवर नुसते आकडे होते, बिल्ले लागण्याआधीचे. ज्याने हे पत्ते लिहिले तो ती गल्ली बिल्ले लागण्याआधीच सोडून गेलेला माणूस होता. कॅप्टन त्यानंतर आली. भावाचं बिऱ्हाड त्या गल्लीतून हललं तेव्हा धाकटा पाळण्यात होता.

गल्लीत एकंदर चाळीस घरं होती, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. दर शनिवारी ती तिथे जायची, तिच्या भावाच्या घरी. पायऱ्यांवर छत्तिसानंतर अडतीस लागला. तिने सगळ्या पेट्या पुन्हा पाहिल्या. एका घराला पेटी नव्हती. सदतीस.

ती पायरीवरच बसली.

सदतीस नंबर भावाचं घर. तिथे वहिनी भांडी विकायची. भांडी नावाला, खरं तर ती बायका जोडायची, एकीखाली एक, आणि तिलाही वरच्या कोणीतरी जोडलेलं होतं. गल्लीतल्या घराघरात तिने ती भांडी नेऊन ठेवली. एके दिवशी वरची कंपनी गाशा गुंडाळून पसार झाली, आणि खालच्या बायकांना तोंड द्यायला वहिनी एकटी उरली. शिव्या नाहीत, मारामारी नाही. नळावर ती आली की बाकीच्या हंडे उचलून निघून जायच्या. एवढंच. त्यातच ती खचली, आणि घर बदलल्यावर वर्षभरात गेली. थोरला तेव्हा आईचा हात धरून दारोदार जायचा, भांडी परत मागायला आणि माफी मागायला. प्रत्येक दार त्याला पाठ होतं.

गल्लीतल्या प्रत्येक दारावर त्याने पेटी पाठवली होती. आपल्या आईच्या दारावर पाठवायला मात्र त्याचा हात धजला नव्हता.

आत्याने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागितलं की आपला तपास चुकलेला असू दे. मग ती वर गेली, सल्लागाराकडून हवी होती ती माहिती घेतली, त्याला घरी जायला सांगितलं आणि दोन्ही भाच्यांना पॅकिंगच्या खोलीत बोलावलं.

५

"दार लावा," ती म्हणाली. "कॅप्टनने हे केलेलं नाही."

"आत्या, अगं सगळा पुरावा..." धाकट्याने तोंड उघडलं.

"पुरावा तू बघितलासच नाहीस. कमिशनसाठी केलं असतं तर पेटीचे पैसे परत घेतले असते. मेसेज गेले, मुदत संपली, एकानेही बटण दाबलं नाही. पेटीची किंमत पदरची घालून कमिशनची चतकोर मिळवायला कॅप्टन काही वेडी नाही. म्हणजे ज्याने केलं त्याला पैसा नकोच होता. मग काय हवं होतं? मल्टी-लेव्हल जिंकायला हवं होतं? तसं असेल तर तू किंवा तुझा सल्लागार."

"मी?" धाकटा उसळला. "मी माझ्याच कंपनीत..."

"ऐकून घे. तुम्ही दोघं नाही. तुमचा निकाल हिरव्या लिंकवर लागणार होता, आणि या पेट्या निळ्यावरून घेतल्यात. त्यांनी तुमच्या निकालात काडीचा फरक पडत नाही. शिवाय तुम्ही असता तर पेट्या कुठेतरी गुपचूप पोचतील अशी व्यवस्था केली असती. या पेट्या परत येण्यासाठीच पाठवल्या होत्या. सोमवारच्या आधी, टेम्पो भरून, सगळ्यांच्या डोळ्यांवर येतील अशा."

आत्याने चष्मा सारखा केला.

"नवी पद्धत तोंडघशी पडावी असं ज्याला वाटत होतं, त्याने हे केलं. हिरवी लिंक म्हणून काही असतं, हे त्याला माहीतच नव्हतं. ज्या गोष्टीची चीड आहे तिच्याकडे डोळे उघडून बघायचंसुद्धा नाही, अशी चूक या घरात एकच माणूस करतो. आणि आपल्या जुन्या गल्लीचे जुने आकडेही त्या एकालाच पाठ आहेत." तिने थोरल्याकडे बघितलं. "सदतीस का सोडलास रे?"

थोरल्याच्या हातात कात्री होती. त्याने ती टेबलावर ठेवली.

"लिहायला घेतलं होतं," तो म्हणाला. "हात वळला नाही."

धाकटा खुर्चीवर बसला. खुर्ची मागे होती म्हणून बरं.

"मला कॅप्टनला अडकवायचं नव्हतं," थोरला बोलू लागला, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. "ग्रुपवर दिसल्या त्या लिंका वापरल्या मी. तिच्याच बायका सगळ्यात जास्त टाकतात. मला एवढंच दाखवायचं होतं की या साखळीत खोटी माणसं घुसवणं किती सोपं आहे. आईचं काय झालं ते याला आठवत नाही आत्या, मला आठवतं. उद्या यातली एखादी बाई नळावर एकटी उभी राहील..."

"उद्या कशाला? परवापासून उभी आहे एक."

"मी सांगणार होतो."

"कधी?"



आत्याला तिथेच थांबता आलं असतं. पण तिला राग आला होता, आणि तिने उरलेलंही सांगून टाकलं. "सल्लागाराकडून मी एक गोष्ट काढून घेतली. नव्या पद्धतीत जोडलेल्या बायकांनी बाहेरच्या माणसाला जवळजवळ एकही पेटी विकलेली नाही. एक बाई स्वतः पेटी घेते, बहिणीला जोडते, बहीण नणंदेला जोडते, आणि शिवण कोणीच शिकत नाही. जुन्या पद्धतीच्या बायका मात्र अनोळखी गिऱ्हाइकांना विकतायत, आणि ती माणसं धडेही बघतायत. तू सोमवारी हा एक प्रश्न विचारला असतास तरी तू जिंकला असतास. तुझंच बरोबर होतं. तेच तू मातीत घातलंस."

थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. धाकटा मात्र रडत नव्हता आणि ओरडतही नव्हता. तो विचार करत होता, आणि त्याचा तो चेहरा बघून आत्याला पहिल्यांदाच धास्ती वाटली.

६

"हे बाहेर गेलं तर कंपनी संपली," धाकटा शेवटी म्हणाला. "मालकानेच बनावट गिऱ्हाइकं उभी केली म्हटल्यावर आपली पेटी कोण घेईल? दादा, मी कोणाला काही सांगत नाही. सल्लागारालाही नाही. तू एवढंच कर, सोमवारी मल्टी-लेव्हलला हो म्हण."

आत्याला वाटलं, आता थोरला उठेल. ज्याच्यासाठी त्याने हे सगळं केलं ती एकच गोष्ट त्याच्याकडून मागितली जात होती. निदान आता तरी तो पाय रोवून नाही म्हणेल, भावाच्या मुस्काटात देईल, काहीतरी करेल.

थोरल्याने जमिनीकडे बघत मान हलवली. "ठीक आहे."

"आणि कॅप्टन?" आत्याने विचारलं.

"तिचं खातं बंदच राहू दे," धाकटा म्हणाला. "पेटी कोणी घेतली ते आता कुणालाच कळायचं नाही. बायका विसरतील चार दिवसांत."

"तू बोल," आत्या थोरल्याला म्हणाली.

"आत्या," थोरला म्हणाला, "घरातली गोष्ट आहे. घरातच राहू दे ना."

तिला त्याचा राग आला नाही. किळस आली. ज्याला न्हाऊमाखू घातलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं, त्याचीच किळस यावी याचं तिला रडू फुटलं, आणि ते या दोघांना दिसू नये म्हणून तिने पर्स उचलली.

"कुठे चाललीस?" धाकट्याने विचारलं.

"कॅप्टनच्या गल्लीत."

"आत्या, आता गेलीस तर परत इथे येऊ नकोस."

ती दारात थांबली. धाकट्यासाठी नाही, थोरला काही बोलतो का, ते बघायला. तो भावाला 'असं बोलू नकोस' एवढं म्हणाला असता तरी तिला पुरलं असतं. त्याने समोरची कात्री उचलली आणि तिची धार अंगठ्याने बघत राहिला.

कॅप्टनने सगळं ऐकून घेतलं. आभार मानले नाहीत. "मोठे साहेब?" एवढंच तिने दोनदा विचारलं. "ते तर चांगले होते हो. माझी कात्री बोथट निघाली तर स्वतः येऊन बदलून दिली होती." मग ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. आणि मी हाक मारली तर कोणी येणार नाही."

म्हणून आत्याने एकेक दार वाजवलं. दुपारची वेळ होती, बायका घरीच होत्या. काहीजणी उंबऱ्यात आल्या, काहींनी खिडकीतूनच ऐकलं. ती दर दाराशी तेच सांगत गेली: पेट्या कोणी पाठवल्या, कशासाठी पाठवल्या, आणि कॅप्टनचा त्यात काही हात नव्हता. एकीने विचारलं, मग आमच्या कमिशनचं काय. दुसरी म्हणाली, कॅप्टननेच धाडलं असेल तुम्हाला, किती दिले तिने? तिसरीने नुसतं दार लावून घेतलं. एका म्हातारीने मात्र तिचा हात धरून ठेवला.

शेवटचं दार जावेचं होतं. ते बोटभरच उघडलं. आतून एका डोळ्याने जाऊ तिचं सगळं बोलणं ऐकत राहिली, आणि ऐकून झाल्यावरही दार तेवढंच उघडं ठेवून म्हणाली, "मालकांबद्दल इतकं वाईट बोलताय, तेही आमच्या दारात येऊन. तुमचा काय फायदा त्यात? तुम्ही त्यांच्या कोण?"

"आत्या," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिला स्वतःला दुरुस्त करावं लागलं. "सकाळपर्यंत होते."